डावीकडे एक सुटलाय

शटर अर्धं वर. आधी आरसा,
कालच्या स्प्रेचे ठिपके पेपरच्या बोळ्याने,
मग खुर्ची, मग कंगवे डेटॉलात.
जेलरोडला नऊला पाणी येतं, नऊ वीसला जातं,
तेवढ्यात बादल्या.

बापू रामकुंडावर बसायचे.
समोर रोज नवं डोकं, नवं सुतक.
वस्तरा हलका धर, म्हणायचे,
माणूस आधीच सोललेला असतो.
चाळीस वर्षांत एकही गिऱ्हाईक त्यांना
"मागच्यासारखंच करा" म्हणालं नाही.
मला म्हणतात. दिवसातून सातदा.
मागच्यासारखं म्हणजे कसं, ते मी लक्षात ठेवते.
त्याचेच पैसे.

माणसं मला मागून ठाऊक.
बिटको चौकात कुणी बघून हसलं तर नाव आठवत नाही,
ती वळली की आठवतं:
अगं, ही स्नेहप्रभा, दोन भोवऱ्यांची,
शाळेत जिला सगळ्या म्हणायच्या, तुझी दोन लग्नं होणार.
झाली. दोन्ही वेळा अंबाडा मीच घातला.
दुसऱ्या वेळी पिना कमी लागल्या.

माझ्याशी कुणी बोलत नाही, आरशाशी बोलतात.
सासूचं, सोनोग्राफीचं, सोसायटीच्या पार्किंगचं.
मी "हं" म्हणते, कात्री न थांबवता.
कात्री थांबली की बाई गप्प होते.
म्हणून कधी कधी नुसती हवेत चालवते,
कच कच कच,
केस कापला जात नाही,
बोलणं पुरं होतं.

देवळाली कॅम्पातल्या दर तीन वर्षांनी बदलतात.
जाताना म्हणतात, लिहून दे ना.
मोडक्या हिंदीत लिहिते, बिलाच्या मागे:
उजव्या कानामागे केस उलटा वाढतो, ओला असताना कापू नये.
टाळूवर टाक्यांची खूण आहे, विचारू नये.
चहा बिनसाखरेचा.
पठाणकोटला, जोरहाटला
कुणी वाचतं की नाही, देव जाणे.

आहिररावबाई कुठे गेल्या नाहीत.
नोटप्रेसात तपासनीस. एकतीस वर्षं
कोऱ्या करकरीत गठ्ठ्यांतून बिघडलेली एक वेचायच्या.
प्रेसमधलं अवाक्षर बोलल्या नाहीत कधी,
पण खुर्चीतून उठण्याआधी मान डावी-उजवी करून
"डावीकडे एक सुटलाय."
असायचाच.
आधी मी चिडायचे.
मग मुद्दाम सोडायला लागले,
त्यांना सापडावा म्हणून.

दिवाळीपासून त्या पलंगावर.
मुलगा फोनवर म्हणाला, घरी याल का, पैसे काय ते सांगा.
पिशवीत कात्री, दोन कंगवे, जुनी चादर.
दसकला तिसरा मजला, लिफ्ट बंद.
उशांना टेकवून बसवलं होतं त्यांना.
वीस वर्षांत पहिल्यांदाच आम्ही
मध्ये काही नसताना समोरासमोर.
त्या पंख्याकडे बघत होत्या, मी त्यांच्या गाऊनच्या बटणांकडे.
बोलायला काही सुचेना.
हवेत कात्री चालवून पाहिली. नाही.

मग सुनेला म्हटलं, ते कपाट उघडता का जरा?
आरशाचं दार हो. अजून. अजून. थांबा.
आरशात आधी भिंत आली, मग औषधांचं टेबल,
मग त्या,
मग त्यांच्यामागे मी.

"जाड झालीस," त्या म्हणाल्या.
"झाले खरी."
"पोरीच्या अ‍ॅडमिशनचं काय केलंस?"
आणि पुढे अर्धा तास, मविप्रची फी, माझा नवरा,
त्यांच्या वेळच्या एका सुपरवायझरचा टोप
(प्रेसमधलं तेवढं एकच, इतक्या वर्षांत),
सून दाराशी उभी राहून ऐकत होती.

शेवटी त्यांची मान धरली, हलकी,
डावीकडे वळवली, उजवीकडे.
त्या आरशात बघत राहिल्या.
बराच वेळ.
मग म्हणाल्या, "छान झालंय."

सोडला होता मी एक,
कानाच्या जरा वर,
सहज दिसेल असा.