क्ष

ग्रामीण रुग्णालयात मला मिळाली ती जुन्या एक्स-रेची खोली.
मशीन कधीच सावंतवाडीला गेलं, दारावर पाटी राहिली:
क्ष-किरण विभाग. लाल दिवा चालू असताना आत येऊ नये.
दिवा अजून पेटतो.
आत माणूस असला की मी तो लावते.
एम.ए.चं दुसरं वर्ष, आठवड्याला सहा तास सराव,
प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, समोरासमोर नाही, थोड्या तिरक्या,
वर्गात तसं सांगितलंय.

तो पहिल्यांदा आला आणि भिंतीला छाती लावून उभा राहिला,
हनुवटी वर, श्वास कोंडून.
काढ गो बाय फोटो.
मी म्हटलं, फोटो नाही, बसून बोलायचं.
बोलान काय दिसतला?

कागदावर नाव घालायचं नसतं.
नियमाने तो क्ष.
ट्रॉलरवर तीस वर्षं इंजिन सांभाळलं, आता वेंगुर्ल्याच्या बंदरावर
दुसऱ्यांची जाळी सांधतो.
सहा सत्रं इंजिनाची झाली:
डिझेलचा भाव, नोझल, तेल कुठून गळतं ते.
भाऊ एकदाच आला, तोही
‘तो गेल्यावर गिऱ्हाईक कमी झालं’ एवढ्या वाक्यात, उठता उठता.

सातव्या सत्रात म्हणाला, जीव लागणा नाय.

विद्यापीठाच्या फॉर्मवर तीन रकाने.
पहिल्यात त्याचे शब्द, जसेच्या तसे.
दुसऱ्यात प्रमाण मराठी: मन रमत नाही.
तिसऱ्यात लक्षण: रस कमी होणे.
तिसऱ्या रकान्याला पोचेपर्यंत
जीव गेलेला होता.

सगळं ध्वनिमुद्रण उतरवून काढायचं, खोकल्यासकट,
शांतता सेकंदांत मोजून.
लोबो मॅडम शनिवारी येतात, शिसपेन्सिल घेऊन.
इथे तू बोललीस. का?
तो गप्प होता, मॅडम.
किती वेळ?
बावीस सेकंद.
कोणाला जड गेले?
बाहेर कोणी तरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.
मी तीच ऐकत बसले.

आई काजूच्या कारखान्यात. चिकाने बोटं अशी झालीत
की रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही,
दर महिन्याला मशीन तिला ओळखायचं नाकारतं.
ती विचारते, ऐकूक शिकतंस? तेका दोन वर्सां?
फी तिनेच भरली आहे, म्हणून मी हसत नाही.

ऑगस्टात होड्या सुटल्या.
आईने पिशवीतून बांगडे काढले, मोजले, पुन्हा मोजले.
दोन जास्ती.
तुझ्या चेडवाक वळखतंय म्हणालो. कसो काय वळखता तो तुका?
मी गप्प राहिले. हे कोणी शिकवलं नव्हतं,
आपसूक आलं.

भेटवस्तू घेऊ नये, असा एक अख्खा धडा आहे.
मी शनिवारी तसं लिहून नेलं: बांगडे, नग दोन.
मॅडमनी वाचलं. रेघ मारली नाही.
खाल्ले कोणी?
आम्ही दोघींनी. तिखलं केलं, तिरफळ घालून.
मग काय वाटलं?
मी चुकीचं उत्तर शोधत होते आणि सापडत नव्हतं.
चांगलं वाटलं, मॅडम.
हं, म्हणाल्या. आता यावर पुढचं पान लिही.

आठवं सत्र. बांगड्यांचा विषय
तो काढत नाही, मीही नाही.
पावणेबाराला लाईट गेली.
दारावरचा लाल दिवा गेला, पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला,
मागे रक्तपेढीच्या फ्रिजची घरघर,
जी मला कधी ऐकूच आली नव्हती,
ती थांबल्यावर ऐकू आली.
त्याने मान वर केली. कान पुढे.
बंद जाला, म्हणाला.

असाच झालेला. इंजान बंद, आणि मागे वळान बघतंय तर

माझ्या जिभेवर तीन वाक्यं आली. तिन्ही पुस्तकातली.
मी खुर्चीचा दांडा धरला.

मग त्याने भावाचं नाव घेतलं.
ते इथे लिहीत नाही.

मोबाईल चालूच होता. त्यावर पुढची अकरा मिनिटं आहेत,
आत कोणी बोलत नाही, आणि ती शांतताही नाही.
उतरवून काढताना तिथे काय लिहितात,
शनिवारी विचारायचंय.