मोरचूद

अप्पा बळवंत चौकातल्या पेनवाल्याने
बाटली काउंटरवर ठेवली, पण हात काढला नाही.
"रंगाला भुलू नका," म्हणाला,
"हिला सांभाळावं लागतं.
परत घेणार नाही. शाईही नाही, पेन तर नाहीच."
मी झाकणाला लागलेला रंग बघत होतो.
आठवीत, शाळेच्या प्रयोगशाळेत,
मोरचुदाचा खडा पहिल्यांदा पाण्यात टाकला
तेव्हापासून एवढं निळं
मला कुणी दाखवलं नव्हतं.

तर गेली नऊ वर्षं आम्ही एकत्र राहतो.

दोन दिवस लिहिलं नाही की ती निबमध्ये बसून राहते,
फुगून, दार लावून.
मग रात्रभर वाटीत कोमट पाणी, त्यात निब,
भांड्यांच्या साबणाचा एक थेंब.
सकाळी कुमुद विचारते, "उतरला का ताप?"
ती वाटी आता कोशिंबिरीला कुणी घेत नाही.

आणि वाहायला लागली तर ऐकत नाही.
स्वस्त कागदावर अक्षरांना मिशा फुटतात,
अनुस्वार वाटाण्याएवढा होतो.
श्रावणात तीन-तीन दिवस वाळत नाही;
तळहाताची निळी कड घेऊन
मी दूध, पेपर, बँक, सगळीकडे जाऊन येतो.
चैत्रात उलट:
वाक्य संपायच्या आत
क्रियापद कोरडं.

मी आमच्या सोसायटीचा सचिव.
कर्वेनगर, तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही.
इतिवृत्त हाताने लिहायचं, एवढीच माझी चैन.
पण ही पानापल्याड उतरते.
टाकीच्या ठरावातून
पार्किंगचं भांडण उलटं दिसतं,
"सर्वानुमते"च्या पोटात "तहकूब".
ऑडिटरने लाल बॉलपेनने शेरा मारला,
निळी किंवा काळी शाई वापरावी.
मी कळवलं, ही निळीच आहे.

सात नंबरचे खळदकर मात्र पिच्छा सोडत नसत.
पाटबंधारे खात्यातून निवृत्त, कानावर पेन्सिल.
दर सभेनंतर वही मागवून घेत
आणि समासात टोकदार अक्षरात लिहीत,
"शाई वाळलेली नाही. तारीख वाचता येत नाही."
एकदा: "पान १४ वर माझेच नाव फरकटले आहे. हेतू?"
एकदा नुसतंच: "रंग बरा आहे."
त्याखाली सही.
त्याखाली काहीतरी लिहून खोडलेलं,
उजेडासमोर धरूनही लागलं नाही.

ते नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेले.
सभा गणपती उठल्यावर.
गणसंख्या नव्हती; नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून
तीच सभा तिथेच पुन्हा भरवली.
विषय क्रमांक एक, शोकप्रस्ताव.

घरी येऊन पेन उघडलं.
काही नाही.
सणात दहा दिवस हात लावला नव्हता.
झटकलं: फरशीवर तीन थेंब, कागदावर शून्य.
बँकेने दिलेलं फुकटचं बॉलपेन शेजारीच होतं.
कुमुदने न विचारता वाटी आणून ठेवली.

रात्री दीडला सुटली.
आधी पाणीच जास्त,
"कै." इतकं फिकं की आहे की नाही असं.
"खळदकर"पर्यंत येईतो भरात आली,
एवढी की शेवटच्या "र"च्या पायाशी थेंब साचला
आणि त्याच्या कडेला तांबूस झाक चढली,
कांद्याच्या सालीसारखी.
हे ती मनात आलं तरच करते.
मी सांगून कधी केलेलं नाही.

नाव अर्थातच पलीकडे उतरलं.
विषय क्रमांक दोन, गच्चीचं वॉटरप्रूफिंग,
त्यांच्या उलट्या नावाला वळसा घालून लिहावं लागलं.

आज तिसरा दिवस.
वही टेबलावर उघडी, समास कोरा.
बोट टेकवून पाहिलं. उठलं.
मग पेन्सिल शोधली, टोक केलं,
आणि शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिलं,
"शाई वाळलेली नाही."
खाली तारीख घातली.
ती वाचता येते.