टरबूज

अजनीला, रेल्वेच्या जुन्या गोदामात,
सकाळी पत्रा गार असतो तेवढ्यात
मी ठोसा शिकवतो.
पतियाळ्याहून आणलेली वही आहे माझ्याकडे,
तिच्यात ठोशाचे नऊ भाग आहेत.
आधी टाच फिरते, मग कंबर, मग खांदा,
कोपर बरगडीला घासून निघतं,
मूठ शेवटच्या वितीत वळते
आणि गेली त्याच वाटेने गालाशी परत येते.
हनुवटी खाली. कायम खाली.
बावीस वर्षं झाली, घामाने पानं फुगली,
भाग नऊच.

टिना वरखडे आली ती कळमन्याच्या बाजारातून.
मामासोबत टरबुजं उतरवायची तिथे.
ट्रकवरचा फेकतो, खालचा झेलतो,
वळतो, पुढच्याला देतो.
साखळीत तिसरी टिना.
पहिल्या दिवशी तिला बॅगेसमोर उभं केलं, म्हटलं, मार.
तिने उजवा हात मांडीपर्यंत खाली सोडला
आणि तिथून,
हनुवटी उघडी, पाय जमिनीत रोवलेले,
काहीतरी वजनदार वर आणलं.
बॅगेची कडी कडाडली. कैचीवरची कबुतरं उडाली.
मी म्हटलं, चूक.

मग काखेत पेपरची घडी.
दोन्ही काखांत. पडली की वीस जोर.
अंगावर आलेला मारही ती अडवत नसे, घेत असे,
पोट आत, पाठ गोल, अर्धं पाऊल मागे,
फळ फुटू नये म्हणून घेतात तसा.
याला वहीत नाव नाही.
तेही काढून टाकलं.

पावसाळा संपेपर्यंत घडी पडायची थांबली.
ठोसा सरळ झाला, स्वच्छ झाला,
कबुतरं जागची हलेनात.
"सर, असा मारला तं लागते कुटं?"
गुण मिळतात, मी म्हटलं.
"लागत तं नाई न पन."

मानकापूरला चंद्रपूरची पोरगी समोर आली.
दोन फेऱ्या माझी वही रिंगणात हिंडली,
नऊच्या नऊ भाग, अक्षर सुरेख,
आणि दोन्ही फेऱ्या गेल्या.
तिसरीत टिनाचा हात मांडीकडे उतरताना दिसला.
हात वर, असं मी ओरडलो असणार.
तोंड उघडं होतं एवढं आठवतं.
चंद्रपूरची खाली बसली.
पंचाने आठ मोजले. ती उठली,
आणि पुस्तकातून काढल्यासारखा एक सरळ ठोसा
उघड्या हनुवटीवर ठेवून गेली.

तीन विरुद्ध दोन. हरलो.
परतताना टपरीवर तर्री-पोहे घेतले.
फाटलेल्या ओठाला तर्री झोंबली, तरी खात होती.
"थो एक लागला न, सर?"
लागला.
"मंग," म्हणाली, आणि वरून शेव मागितली.

त्या रात्री गोदामाची चावी माझ्याकडेच होती.

माझे वडील परीट.
तलावाच्या दगडावर चादर आपटताना
हात डोक्यामागून यायचा, सगळी पाठ घेऊन,
पाणी दहा हातांवर उडायचं.
माझा पहिला ठोसा तसाच होता.
"कपडे धुतो का बे?" गुरुजी म्हणाले होते,
सगळं गोदाम हसलं होतं,
मीसुद्धा.

बॅगेसमोर उभा राहिलो. दिवा लावला नाही.
हात वर नेला.
कानापर्यंत गेला, तिथे थांबला
आणि विचारू लागला,
टाच कुठे आहे?

सकाळी टिना आली, ओठ सुजलेला,
हातात पेपरच्या दोन घड्या.
डाव्या काखेत ठेव, मी म्हटलं.
"अन् उजव्या?"
बाहेर शंटिंगचं इंजिन चाललं होतं.
ते जाईपर्यंत मी हातमोज्यांची नाडी सोडवत बसलो.
तिने थोडी वाट पाहिली,
मग दुसरी घडी खिडकीत ठेवून दिली.