पाच मिनिटं पुढे

सातपूरला, आयटीआय सिग्नलपासून थोडं आत
झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं माझं दुकान.
संगणक सेकंडहँड, शरणपूर रोडच्या एका ऑफिसने टाकलेला.
विंडोज त्याला झेपेना, म्हणून लिनक्स घातलं
आणि मग अकरा रात्री
शटर अर्धं ओढून मी त्याला नटवत बसले.

पॅनल खालून वर नेलं. वरून डावीकडे. पुन्हा खाली.
आयकॉन गोल केले,
बिस्किटांसारखे दिसायला लागले म्हणून परत चौकोनी.
मागे नांदूरमध्यमेश्वरचं पाणी लावलं,
त्यात दूरवर एक पांढरा ठिपका,
बगळा की प्लास्टिकची पिशवी
हे मोठं करूनही कळलं नाही. राहू दिला.
खिडक्यांच्या कडांना तांब्याचा रंग हवा होता,
नव्या तांब्याचा नव्हे,
तांबट लेनमध्ये चिंचेने घासून ठेवलेल्या जुन्या घंगाळाचा.
त्याचा सहा अक्षरी कोड जमवण्यात एक रात्र गेली.

लॉगिनच्या पडद्यावरचं ते इंग्रजी वेलकम मात्र
काही केल्या हलेना.
ती फाइल बदलायला रूट व्हावं लागतं.
झाले.
तिथे लिहिलं: या, बसा.
एक कंस मिटायचा राहिला.

सकाळी सगळं काळं.
डाव्या कोपऱ्यात वर एक रेघ लुकलुकतेय,
बोला, काय काम होतं?
बाहेर रेशनकार्डवाले तिघं, जातीच्या दाखल्याची एक बाई
आणि निंबाकाका खैरनार, हयातीच्या दाखल्यासाठी.
कंट्रोल, अल्ट, एफ तीन.
किल्ली हरवल्यावर मोरीच्या दाराने घरात शिरावं
तशी शिरले, कंस मिटवला.
या, बसा, म्हणाला पडदा.
कोणी पाहिलंसुद्धा नाही.

काकांनी अंबडच्या कंपनीत एकतीस वर्षं लेथ चालवला.
अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही.
तर्जनी. जुळत नाही.
पुसा, थोडं तेल लावा, पुन्हा ठेवा.
दहाही बोटं झाली.
त्यांच्यावरच्या रेषा कुठल्या कुठल्या शाफ्टवर,
बुशवर, फ्लँजवर निघून गेल्या
आणि आता कुठल्या देशात फिरतायत, देव जाणे.
"म्हणजे मी जिवंत नाही का गं?"
हसत विचारलं त्यांनी.
रांगेतलं कोणी हसलं नाही.

डोळ्यांवर चालणारं यंत्र सीबीएसजवळ आहे, मी म्हटलं,
पण ते तीननंतर उघडतं. तोवर थांबा.
आणि का कोण जाणे, तिथल्या तिथे
त्यांच्या नावाचं एक खातं काढलं.
ज्यांना पासवर्ड विचारायचा नसतो
त्यांचा एक वेगळा गट असतो, त्यात घातलं.
अक्षरं दीडपट. भिंत कोरी.
"काका, पडद्यावर काय काय ठेवू?"
बराच वेळ विचार केला त्यांनी, सून निवडावी तसा.
"घड्याळ. मोठं. आणि पाच मिनिटं पुढे.
आमच्या शॉपमधलं तसंच असायचं.
ती पाच मिनिटं कंपनीची की कामगारांची
यावरून दोनदा संप झाला."

एका ओळीची स्क्रिप्ट लागली त्याला.
मग माझं तांबं, माझा बगळा किंवा पिशवी
सगळं मागे राहिलं
आणि त्यांनी हलकेच आपल्या नावावर क्लिक केलं.
काहीएक न विचारता उघडलं.

नुसते बघत बसले.
माउसवरचा हात मध्येच थोडा फिरायचा,
चाक पुढे घेतल्यासारखा.
दाखलेवाली कुरकुरली, मी तिला पाणी दिलं,
तिचे कागद उगाच दोनदा लावले.

एक वाजला, म्हणजे त्यांच्या घड्याळात.
आपल्याकडे अजून बाराच.
"जेवणाची सुट्टी," काका म्हणाले. "बंद कसं करायचं हे?"
बंद नका करू, मी म्हटलं,
नुसतं बाहेर पडा.

ते वाकून चपला शोधू लागले.