एकशे बारा मिलिसेकंद

लामाराबाई भट्टीवरून थेट आल्या,
कोपरापर्यंत पीठ.
एलिसोने त्यांच्या गळ्याला दोन चकत्या चिकटवल्या,
म्हणाली, "बेडूक म्हणा. बारा वेळा."

"बाकाकी."
पडद्यावर रेघ चढली, तुटली,
मग फट्!
तापल्या भिंतीवर कणीक थापावी तशी.

तुटक्या जागेवर एलिसो बोट ठेवते:
इथे स्वरतंतू मिटलेले,
जिभेचं मूळ पडजिभेला टेकलेलं,
मधे कोंडलेला चिमूटभर वारा
आणि कंठमणी वर सरकलेला,
आवंढा गिळताना सरकतो तसा.
एकशे बारा. वहीत नोंद.

"काय मोजतेस गं?"
"आवाजाआधीचं गप्प राहणं."
"एवढंसंच असतं होय?"

तिबिलिसीत बाहेर ट्रॉलीबसची तार ठिणगते.
सात. आठ. एकशे नऊ, एकशे पंधरा.
अकराव्याला त्यांनी पाणी मागितलं.

बाराव्याला रेघ तुटली ती तुटलीच.
तीनशे चाळीस.

"धाकटा," त्या म्हणाल्या,
"दिवसभर नदीत. याच नावाने
जेवायला बोलवायचे."
चकत्या त्यांनीच सोडवल्या,
पिठाचा ठसा टेबलावर राहिला.

एलिसोने आकडा खोडला नाही,
सरासरीतही धरला नाही.
पेन्सिलीने भोवती गोल काढला, नुसता.