हळू

भरमू तीन महिने भिंतीला डोकं आपटत होता.
शेजारीण म्हणाली, अमावास्या जवळ आली.
आई म्हणाली, गोळी बदलली.
मी लिंबू उतरवून तवंदीच्या वाटेवर टाकून आले.
डॉक्टरांनी फिटचं औषध वाढवलं,
तेच औषध, गुलाबी, पाकासारखं घट्ट,
जे तो वीस वर्षं चमचा चाटूनपुसून घेतो
आणि ओठ मिटून झोपतो.
आत काय चाललंय
कुणी वाकून बघितलं नाही.

बघणार तरी कसं.
बोट घातलं की चावायचा.
अंगठ्यावर चार खुणा आहेत अजून,
त्या दिवशी हजारच्या जागी सहाशेच विड्या झाल्या,
मुकादमाला म्हटलं, कात्री लागली.
मग घासणंच सोडलं.
खोटं कशाला बोलू, सोडलं.
आईची मिश्री होतीच डबीत,
चिमूटभर हिरडीला लावली की घटकाभर गप्प.

भाकरी सोडली. भात सोडला.
चहासुद्धा गालात धरून बसायला लागला
तेव्हा खिडकीच्या उजेडात जबडा धरला
आणि वास आला.
तंबाखूत जन्म गेला माझा,
नाक मेलंय म्हणतात आमचं,
तरी आला.

निपाणीतला दातांचा डॉक्टर लांबूनच म्हणाला,
असल्यांना भूल द्यावी लागती, बेळगावला न्या.
असल्यांना.
यमकनमर्डीपर्यंत तो शब्द माझ्या मांडीवर होता,
भरमूच्या डोक्याशेजारी.

फॉर्म कानडीत.
सही केली, कशावर ते शिपायानं नंतर सांगितलं.
डॉक्टरीण तरुण, हिरेमठ आडनावाची.
बायी तेगी, म्हणाली.
भरमू मान वळवून दाराकडं बघायला लागला,
कुठली बाई?
दीड वर्ष शाळेत गेला होता, त्याला एकच बाई माहीत.
मी म्हटलं, अरे तोंड. तोंड उघड.
तिनं आरसा आत घातला.
हल्लु, म्हणाली, हल्लु,
आणि एकेक मोजायला लागली.
हळू, म्हणाला भरमू.
ती थांबली.
मग खरंच हळू झाली.
दाताला कानडीत काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.
त्याला सांगितलं नाही.

सात काढले. कागदाच्या पुडीत दिले.
लहानपणी एक पडला की कौलावर फेकायचो,
उंदराला सांगायचो, तुझा दे.
सत्ताविसाव्या वर्षी उंदीर ऐकत नाही.
पुडी अजून फळीवर आहे,
कुठं टाकावी कळत नाही.

आता औषधामागं पाणी देते,
चूळ जमत नाही, ओल्या फडक्यानं पुसते.
ब्रशच्या दांडीला विडीचा लाल दोरा
गुंडाळून गुंडाळून लिंबाएवढी मूठ केली,
ती त्याच्या वाकड्या बोटांत बसते.
काल स्वतः घासले त्यानं.
तीन दात आणि बरीचशी हनुवटी.
मी हात पुढं केला तर ढकलला.
हळू, म्हणाला.
मला.