दुसऱ्या मजल्यावरून

चोक ओढ, हे वरून ओरडतात.
ओढलाय.
पूर्ण?
पूर्ण ओढलाय हो.
मग मार.

गाउन खोचलेला, वर स्वेटर, पायात ह्यांचे बूट.
थंडी अशी की किकचं लोखंड
बुटातूनही तळव्याला कळतं.
पांडवलेण्याचा डोंगर अजून धुक्यात,
अंबडचा सातचा भोंगा होऊन गेला
आणि सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगचं सगळं पार्किंग
माझ्या किका मोजतंय.
अकरा. बारा.
तेराव्या किकेला खैरनारांचा प्रणव आला,
तोंडात ब्रश.
काकू, सेल्फ नाही का हिला?
नाही रे.
स्वतःहून काही करण्यातली नाही ही.

एकतीस वर्षं मी मागच्या सीटवर,
एका बाजूला पाय सोडून.
त्र्यंबक नाका, सातपूर, पाथर्डी फाटा,
मांडीवर कधी पोर, कधी दळण.
किक मारली नाही कधी,
ऐकली मात्र रोज.
तिसरीला खोकला,
चौथीला आले, आले म्हटल्यासारखी.
आज खोकलाही नाही.

ह्यांचा गुडघा बदलून आज चाळीसावा दिवस.
चाळीस दिवस ही उभी आणि हे आडवे.
आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत येतात,
कप कठड्यावर ठेवतात
आणि तिथून गाडी दुरुस्त करतात.

कॉक रिझर्व्हवर कर.
केला.
टाकी हलव.
हलवली. आहे पेट्रोल.
प्लग खोल मग.
पाना?
सीटखाली, पिवळ्या फडक्यात, कुठे असणार!

प्लग निघाला ओला, काजळ धरलेला.
पॉलिश पेपरने घासला,
टोपी लावून हेडला टेकवला,
प्रणवने हातानेच किक दाबली.
टिच.
ठिणगी आहे, मी ओरडले.
नारिंगी की निळी?
निळी. आपल्या शेगडीसारखी.

वरून उत्तर नाही.
जन्मभर फिटर असलेला माणूस गप्प झाला
म्हणजे विचार करतोय असं मला वाटायचं.
त्याला तेव्हा माहीत नसतं, बस्स,
हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

ठिणगी आहे. पेट्रोल आहे,
जास्तच आहे, नाकाला झोंबतंय.
प्लग परत बसवला, प्रणवला म्हटलं, आता तू मार.
मी खाली बसून कान लावला.
धडधड होती, ओढणं नव्हतं.
नाक चोंदलेलं तान्हं अंगावर पीत नाही,
तोंड लावतं, सोडतं, तसं काहीतरी.

साइड कव्हर. दोन स्क्रू, त्यातला एक केव्हाच गेलेला.
आत एअर फिल्टरचा डबा
आणि डब्यात
औषधांच्या बिलाचा भुगा,
शेंगांची टरफलं,
दवाखान्यातून आल्यावर हँडलला अडकवून
विसरलेल्या पिशवीतली माझी चॉकलेटी लोकर,
लोकरीत पाच.
गुलाबी. डोळे न उघडलेली.
एक चक्क जांभई देत होतं.

प्रणवने फोन काढला. ठेव तो, म्हटलं.

काय सापडलं गं?

वर पाहिलं. मफलर, वॉकर, गार झालेला चहा.
दर रविवारी हाच डबा उघडून
फुंकर मारायचा हा माणूस,
मुलांच्या डोळ्यांत कचरा गेल्यावर मारायचा तशीच.
सांगितलं तर एका पायावर जिना उतरेल.
आणि उतरला की काय करील,
ते मला नक्की सांगता येईना.

काही नाही. कार्बोरेटर असेल.

थोडा वेळ नुसताच कठडा.
मग, मी म्हटलंच होतं!

नव्हते म्हणाले.

कव्हर लावलं, एकाच स्क्रूवर, सैलसर.
चोक आत ढकलला.
ह्यांचे डोळे उघडायला किती दिवस लागतात
ते प्रणव बघून सांगणार आहे.
तोवर बाजारात रिक्षाने.